तीन कांदे, एकसारखे

२०२३च्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी तिळगुळाच्या वड्यांचा डबा घेऊन मागच्या फाटकातून पलीकडच्या घरी गेले. त्या दिवशी रथसप्तमी होती, म्हणजे तिळगूळ द्यायचा शेवटचा दिवस. स्वयंपाकघराच्या मोठ्या काचेआड आजी आणि आजोबा शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलेले दिसले. मला पाहताच आजींनी तळहात उभा धरला, थांब म्हणून. आजोबांनी मान वळवलीही नाही. त्यांच्या हातात पेन्सिल होती, मांडीवर कागद होता आणि नजर बाहेरच्या झाडावर टांगलेल्या दाण्यांच्या नळीवर खिळली होती. दार काही उघडले नाही. गवतावर दहिवर गोठलेले, बोटे बधिर होत चाललेली, आणि मी हातात डबा धरून उभी. आजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केले, ओठ हलवून काहीतरी सांगितले, ते मला कळले नाही, आणि मी आल्या पावली परत फिरले. बऱ्याच वेळाने त्या स्वतः आमच्या दारात आल्या आणि इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या रीतीने ‘मी डक’ अशी लाडिक हाक मारून मला घेऊन गेल्या. ती दोघे पक्षी मोजत होती. दार उघडले असते तर पक्षी उडाले असते आणि तो तास मोडला असता.

कारण कळले, तरी मनातली टोचणी गेली नाही. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी तिळगूळ घेऊन कुणी अंगणात आले, तर घरातली बाई कणकेच्या हातांनीच बाहेर येते. आधी ‘बस’ म्हणते, मग हात धुते. दाराशी आलेले माणूस तिथे हातातल्या कुठल्याही कामापेक्षा मोठे असते. आणि इथे ज्या दोन म्हाताऱ्या माणसांना माझ्याविषयी खरी माया आहे, जी माझ्या बाळंतपणात संध्याकाळी न बोलावता सूप घेऊन येत होती, ती चिमण्यांसाठी मला थंडीत उभी ठेवतात, हे काही केल्या गळी उतरत नव्हते. राग आला असता तर तो विरूनही गेला असता. मला प्रश्न पडला होता आणि तो बरेच दिवस माझ्या मागे राहिला: इतक्या किरकोळ गोष्टीला इतके जपावे, असे तिच्यात काय आहे?

त्यांची नावे मी इथे लिहीत नाही. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हापासून ते ‘पलीकडचे आजी-आजोबा’ झाले आणि तेच आमच्या घरात रूढ झाले. दोघेही ऐंशीच्या आसपासचे. बेल्परमध्ये, डरवेंट नदीच्या खोऱ्यात, एकेकाळी गिरणीकामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या एका रांगेत त्यांचा आणि आमचा संसार एका भिंतीच्या अंतरावर चालतो. आजोबा डर्बीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, आजी शाळेच्या स्वयंपाकघरात. एक मुलगा आहे, तो ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक झाला आहे आणि दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. भिंत जाड आहे, तरी त्या वेळी आजींचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला मला ऐकू येतो, जणू अंतर आवाजानेच कापायचे आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक मोठे कॅलेंडर टांगलेले असते. बरेच दिवस ते पाहूनही माझ्या लक्षात न आलेली गोष्ट मला त्या पक्ष्यांच्या प्रकारानंतर दिसली. आजी त्यावर दोन प्रकारे लिहितात. डॉक्टरांच्या भेटी, दाताची तपासणी, बॉयलर दुरुस्त करणारा माणूस, हे सगळे पेन्सिलीने, कारण ते पुढे-मागे होते. ‘बस, बेकवेल’, ‘वाचनालयात कोडे बदलणे’, ‘नदीकाठी बँड’, ‘पक्षी’ हे मात्र निळ्या शाईने. आपल्याकडे कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे आणि गॅसचा नंबर लिहितात. मौज कुणी तारीख घालून लिहीत नाही. ती आपोआप येते असे आपण धरून चालतो, पाहुणे आले की येते, सण आला की येते, आणि नाही आली तर नाही आली.

शाईतली बस म्हणजे बेल्परहून मॅटलॉक, बेकवेल करत बक्स्टनकडे जाणारी ट्रान्सपीकची बस. इंग्लंडमध्ये पेन्शनरांना २००८पासून देशभर कुठल्याही स्थानिक बसने फुकट फिरता येते, मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. त्यामुळे साडेनऊनंतरच्या पहिल्या बसला त्यांच्यासारखी पुष्कळ जोडपी पास घेऊन उभी असतात. आजी-आजोबा सोमवारी बेकवेलचा बाजार असतो म्हणून जातात, पण आणतात फारसे काही नाही. कधी चीजचा एक तुकडा, कधी लोकरीचा एक गुंडा. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. वाटेत आजोबा फारसे बोलले नाहीत. क्रॉमफर्डपाशी आजींनी त्यांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केले आणि दोघांनी एकदम उजवीकडे पाहिले. काय पाहिले, म्हणून मी विचारले. तिथल्या एका घराने आपले दार हिरव्याचे लाल केले होते. पुढे कितीतरी वेळ त्यांच्यात त्याच दाराविषयी बोलणे चालले होते: रंग चांगला की वाईट, घर विकले गेले असेल का, आधीच्या बाईंचे काय झाले असेल. बेकवेलला नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही घरून नेलेली सँडविचे खाल्ली आणि थर्मासमधला चहा प्यालो. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती. ज्यांना ती जागा आवडायची अशा कुणा नवराबायकोच्या स्मरणार्थ ते बाक ठेवलेले होते. आजींनी पट्टीवरचा ओला डाग रुमालाने पुसला आणि मगच त्या टेकून बसल्या.

त्यांच्या रात्रीच्या करमणुकीची गोष्ट मला आजोबांनी सांगितली. वयामुळे झोप उडते, तेव्हा ती दोघे अंधारात रेडिओवरचे सागरी हवामान वृत्त ऐकतात. ते मध्यरात्रीनंतर, एक वाजायच्या थोडे आधी लागते. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे एकतीस भाग पाडलेले आहेत आणि वृत्तनिवेदक ठरलेल्या क्रमाने एकेकाचे नाव घेऊन वारा, लाटा, पाऊस आणि दृश्यता सांगत जातो: व्हायकिंग, फोर्टीज, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर, टेम्स... या दोघांची कधी होडी नव्हती, घरात कुणी खलाशी नव्हते. उलट, ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत दूर असलेले ठिकाण याच डर्बीशायरमध्ये, कोटन-इन-द-एल्म्स या खेड्यात आहे. तरी कुठल्या भागात वारा किती जोराचा आहे, यावर ती मनात पैज लावतात आणि सकाळी चहाच्या वेळी एकमेकांना सांगतात. २००२ साली फिनिस्टर या भागाचे नाव बदलून फिट्झरॉय केले, हवामान खात्याच्या पहिल्या प्रमुखाच्या नावावरून. आजोबा त्या नावाशी अजून रुळलेले नाहीत. निवेदक फिट्झरॉय म्हणतो तेव्हा ते अंधारात हळूच ‘फिनिस्टर’ म्हणतात, आणि आजी जाग्या असतील तर ‘हो’ म्हणतात.

मला हे ऐकून काय वाटले, ते आजही नीट सांगता येत नाही. माया दाटून आली, हे खरे. त्याबरोबर एक कडवट विचारही आला आणि तो मी दडवणार नाही. हे सगळे ज्यावर उभे आहे ते पेन्शन आहे, फुकट बस आहे, कर्ज फिटलेले घर आहे. आजोबांच्या टेबलाच्या खणात प्रीमियम बाँडचे जुने कागद आहेत. सरकारकडे ठेवलेल्या या पैशावर व्याज मिळत नाही, त्याऐवजी दर महिन्याला सोडत निघते, आणि मुद्दल केव्हाही जसेच्या तसे परत मिळते. १९५७च्या जूनमध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हापासून आकडे काढणाऱ्या यंत्राला लोक ‘अर्नी’ म्हणतात, एखाद्या चुलत्याचे नाव घ्यावे तसे. कधी पंचवीस पौंड लागले की त्या शुक्रवारी फिश अँड चिप्स येतात. हरायचे काही नाही आणि जिंकण्याची गंमत मात्र महिन्याच्या महिन्याला आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जुगार खेळला तो बियाणे, खत आणि मजुरी मातीत घालून, आणि त्यात मुद्दल बुडत नाही असे वर्ष त्यांना क्वचितच लाभले.

पुढच्या जानेवारीत आजींनी मला पक्ष्यांच्या तासाला बोलावले.

काचेसमोर तिसरी खुर्ची मांडलेली होती. या मोजणीचे नियम मला आदल्या रात्री समजावून सांगितलेले होते. तिथली पक्षिसंरक्षण संस्था, आरएसपीबी, १९७९पासून ही गणना भरवते आणि जानेवारीच्या अखेरीस लाखो घरांतून लोक एकेक तास खिडकीशी बसतात. वरून उडत गेलेला पक्षी धरायचा नाही, बागेत उतरलेलाच मोजायचा. येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची बेरीज करायची नाही, कारण तोच रॉबिन पाच वेळा येऊ शकतो. एका जातीचे जास्तीत जास्त किती एकाच वेळी दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. म्हणून तो तास मध्येच तोडता येत नाही. पहिली वीस मिनिटे जवळजवळ काहीच घडले नाही. एक काळा कस्तूर गवतात पाने उलथत होता, कुंपणावर एक कबुतर अंग फुगवून बसले होते. आजोबांचा श्वास ऐकू येत होता. मला घरातली कामे आठवत होती, ती हळूहळू आठवेनाशी झाली. मग निळ्या टोपीचे इवलेसे ब्ल्यू टिट आले, एक दाणा उचलून फांदीवर जायचे, पायात धरून फोडायचे, पुन्हा यायचे. आणि त्यानंतर कुंपणाच्या दाट वेलीतून एकदम चिवचिवाट झाला आणि चिमण्या उतरल्या, आपल्याच चिमण्या, तोच तपकिरी पाठीचा आणि काळ्या गळ्याचा चिमणा. आजींनी माझा हात घट्ट धरला. आजोबा ओठ न हलवता मोजत होते. अकरा. नाही, बारा. गेल्या वर्षी सात होत्या.

ब्रिटनमध्ये गेल्या अर्धशतकात चिमण्या निम्म्याहून जास्त कमी झाल्या आणि त्यांचे नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले, तरी या गणनेत पहिला क्रमांक अजून तिचाच असतो. मी आजी-आजोबांना सांगितले, की चिमण्यांसाठी जगभर जो दिवस २० मार्चला पाळतात, तो २०१० साली सुरू करण्यात पुढाकार आमच्या नाशिकच्या लोकांचा, नेचर फॉरेव्हर सोसायटीचा. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे असे पाहिले, की तो पुढाकार जणू मीच घेतला होता. आदल्या वर्षी ज्या दाराबाहेर मी उभी होते, त्याच्या आतून तो तास बसून काढल्यावर एक गोष्ट मला दिसली, जी बाहेरून दिसणे शक्य नव्हते. एकमेकांकडे न पाहता ती दोघे सबंध तासभर एकमेकांसोबत होती. एकाने मान वळवली की दुसऱ्याची वळत होती. आमच्या घरात सोबत म्हणजे बोलणे, वाढणे, आग्रह करणे; इतकी शांत सोबत मी आईवडिलांची कधी पाहिली नव्हती, कारण दोघांना एका वेळी एका ठिकाणी बसलेले पाहिल्याचे मला फारसे आठवतच नाही.

आता कांद्यांविषयी. खरे तर मला सांगायचे होते ते हेच.

गावाबाहेर आजोबांचा अ‍ॅलॉटमेंटचा तुकडा आहे, म्हणजे नगरपालिकेकडून नाममात्र भाड्याने मिळालेली भाजीपाल्याची जमीन. अशा पूर्ण तुकड्याचे माप दहा रॉड, साधारण अडीचशे चौरस मीटर. व्हिडिओ कॉलवर मी हे वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणात हिशेब केला, ‘अडीच गुंठे,’ आणि विचारले, ‘त्यात किती क्विंटल काढतात?’ क्विंटल नव्हे, आजोबांना तीन कांदे काढायचे असतात. ऑगस्टमध्ये जवळच्या एका खेड्यात फुलांचे आणि भाज्यांचे प्रदर्शन भरते आणि त्यातल्या एका गटाचे वर्णन असे असते: तीन कांदे, एकसारखे, प्रत्येकी २५० ग्रॅमच्या आत. त्या तिघांसाठी वर्षभर खटपट चालते. प्रदर्शनाचा कांदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी पेरायचा, अशी तिथल्या जुन्या माळ्यांची रीत आहे. २०२३च्या २६ डिसेंबरला, घरभर अजून केकचा आणि मेणबत्त्यांचा वास असताना, आजोबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत पसरट ट्रेमध्ये माती चाळून भरली आणि चिमटीने काळे बी एकेक करून ठेवले. मी शेजारी उभी होते आणि माझ्या खिशातला फोन वाजत होता. त्याच महिन्याच्या ८ तारखेला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती, लाल कांदा नुकता बाजारात येत होता, लासलगावला शेतकरी संतापले होते, भाव धडाधड खाली आला होता. वडील सांगत होते, की ट्रॉली भरून नेली, पण भाड्याचे पैसे वजा जाता हाती काही उरले नाही. फोन ठेवून मी पुन्हा त्या ट्रेकडे पाहिले. आजोबा बियांवर वस्त्रगाळ मातीचा थर पसरत होते. बीही कांद्याचेच होते. मला त्यांच्यावर राग धरता आला नाही, आणि आनंदात सामीलही होता आले नाही. मी घरी आले आणि भांडी घासत राहिले.

उन्हाळ्यात मात्र मी ओढली गेले. आमच्याकडचा कांदा दिवस लहान असताना गड्डा धरतो आणि यांचा जूनचा लांबलचक दिवस लागल्यावर, हे आजोबांकडून कळले तेव्हा वडिलांना फार नवल वाटले. रात्री नऊपर्यंत ऊन कसे असते, हे दाखवायला मी अ‍ॅलॉटमेंटमधून फोन लावला. पत्र्याच्या शेडबाहेर बादली पालथी घालून बसलेले आजोबा आणि ओट्यावर बसलेले माझे वडील, आप्पा, एकमेकांकडे पाहत होते आणि मी मध्ये दुभाषी. आजोबा शिंप्याच्या फितीने जमिनीतल्या कांद्याचा घेर मोजायचे. फितीवर कुठला आकडा आला की वजन अडीचशेच्या अलीकडे राहते, हे त्यांनी अनेक वर्षांत स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून पाहिलेले होते. तेवढा घेर भरला की तो कांदा उपटायचा, मग त्याचे पानही पिवळे झालेले नसले तरी चालेल. उपटलेले वीस-पंचवीस कांदे टेबलावर जुन्या टॉवेलवर पसरले आणि निवड सुरू झाली. सुटलेली बाहेरची साल तेवढी काढायची, आणखी एक पापुद्रा गेला तर खालचा हिरवट रंग दिसतो आणि परीक्षक गुण कापतो. मान खाली दुमडून वाखासारख्या पिवळसर दोऱ्याने घट्ट बांधायची. मुळ्या पार बुडापाशी कापायच्या. आजी बाजूला उभ्या राहून डोळे बारीक करून सांगत होत्या: हा खांद्यात चपटा आहे, याचा रंग फिका आहे. एक जोडी जमली, पण तिसरा मिळेना. त्या तिसऱ्यासाठी दोघांनी संध्याकाळचा चहा दोनदा गरम केला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तंबूत फक्त परीक्षक असतात. दुपारी पडदा उघडतो. आत तुडवलेल्या गवताचा, गुलाबांचा आणि पिकलेल्या टोमॅटोंचा दमट वास कोंडलेला होता. पांढऱ्या कागदावर लांब टेबलांच्या रांगा: शेंगा पट्टीने आखल्यासारख्या सरळ ठेवलेल्या, फक्त जॅम घातलेले आणि क्रीमला मज्जाव असलेले व्हिक्टोरिया केक, लहान मुलांनी बटाट्याचे केलेले प्राणी. माणसे मंद चालीने, हात पाठीशी बांधून, देवळात चालावे तशी चालत होती. आजोबांचे तीन कांदे निळ्या ताटलीत होते आणि त्यांच्यापुढे दुसऱ्या क्रमांकाचे कार्ड. पहिल्या क्रमांकाच्या ताटलीकडे त्यांनी वाकून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे.’ त्यात खंत होती, पण तक्रार नव्हती.

तिथे उभ्या उभ्या मला आमच्या ओटीवरचा कोनाडा आठवला. कांदा साठवायची चाळ भरायच्या दिवसांत घरात उसंत नावाची गोष्ट नसे; बायका ओळीने बसून प्रतवारी करत, मोठा, मध्यम, गोल्टी, जोड, आणि डोळ्यांना पाण्याची धार. तेवढ्यातही आप्पा कधी ढिगातून एक कांदा उचलत, तळहातावर फिरवत, धोतराच्या सोग्याने पुसत आणि कोनाड्यात ठेवून देत. तो ना विकायचा असे, ना खायचा. आलेल्या गेलेल्याला ते तो दाखवत, ‘हा बघा,’ एवढेच म्हणत. आई चिडायची, की कोनाडा दिव्यासाठी आहे. मला लहानपणी त्यात विशेष काही वाटले नव्हते, आणि आता डर्बीशायरच्या त्या तंबूत घसा दाटून आला, कारण त्या माणसाला कुणी कधी निळी ताटली दिली नव्हती, की त्यासाठी कॅलेंडरवर शाईने एक दिवस लिहिला नव्हता.

संध्याकाळी मी आप्पांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला होता.

‘मधल्याची मान जाड आहे,’ ते म्हणाले. ‘जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही. पाणी उशिरा तोडलं असणार.’

मी आजोबांना सांगितले. ते म्हणाले, की पाणी कधीच बंद केले होते, पण जुलैत पाऊस थांबला नाही. हे उलट आप्पांना सांगितले, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

‘मग पावसापुढं काय करणार,’ आप्पा म्हणाले. ‘त्यांना म्हणावं, डावीकडचा आमच्या अख्ख्या चाळीत शोधून सापडायचा नाही.’

आजोबांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतले आणि शेडमधल्या वहीत, त्या वर्षीच्या पानावर, तारखेसह लिहिले. त्यानंतरच्या नाताळात त्यांनी पुन्हा ट्रे भरला. आता आप्पांचा फोन आला की माझी आणि नातीची खुशाली विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यांचं रोप उगवलं का, आणि किती.